पालेभाजी ताठ कशी राहते?

मेथीची मोठी जुडी निवडून कढईत टाकली, की पाला कढईच्या काठापर्यंत येतो. दहा मिनिटांनी झाकण काढावे, तर तळाशी वाटीभर भाजी! पाल्याचा हा ताठपणा कोठे गेला? याचे उत्तर कळले, तर परसातील भाजी केव्हा खुडावी, तिला खत किती घालावे, हेही तुम्हाला सहज कळेल.

आंब्याच्या झाडाला लाकडाचा आधार असतो. पालकाच्या कोवळ्या देठात लाकूड जवळजवळ नसते. मात्र १०० ग्रॅम पालकात सुमारे ९१ ग्रॅम पाणी असते. तेच त्याला उभे धरते. सायकलची ट्यूब हवा भरली की टणक होते, हवा सोडली की लुळी पडते. पानातील प्रत्येक पेशी ही पाण्याने फुगलेली अशीच चिमुकली ट्यूब समजा. पेशीचे पातळ पटल पाण्याला वाट देते, पण आतील साखर व क्षार यांना सहसा बाहेर जाऊ देत नाही. आतील रस बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक संहत असला, की पाणी आत शिरते. या क्रियेला परासरण म्हणतात. मोटारीच्या चाकात आपण सुमारे २ वातावरणांइतका दाब भरतो. पानाच्या पेशीत तो ४ ते ८ वातावरणांइतका असू शकतो! शिजवताना उष्णतेने ही पटले फुटतात, पाणी बाहेर येते आणि पाला बसतो.

पानांतून पाणी सतत उडूनही जात असते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड झाकून ती रोज तोलली. दिवसभरात एक झाड सरासरी सव्वा पौंड, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमहून अधिक, पाणी हवेत सोडते असे त्यांना आढळले. हे प्रयोग त्यांनी १७२७ मध्ये प्रसिद्ध केले. भर दुपारी मुळे जेवढे पाणी ओढतात, त्यापेक्षा जास्त उडून जाते. म्हणून वाफा ओला असूनही पाने माना टाकतात. रात्री पानांवरील सूक्ष्म छिद्रे बहुतेक मिटलेली असतात, मुळांचे काम मात्र चालूच असते. पहाटेपर्यंत पेशी पुन्हा भरतात. अळूच्या पानांच्या टोकांशी सकाळी लोंबणारे थेंब पाहा. ते सारेच दव नसते. मुळांनी ओढलेले जादा पाणीही तेथून बाहेर पडते.

तेव्हा भाजी काढावी ती सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. मेथी साधारण महिनाभरात मुळासकट उपटता येते. पालकाची मात्र बाहेरची पाने खुडा आणि मधला कोंब राखा, म्हणजे पुन्हा पाने फुटतील. खुडलेली भाजी ओलसर फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा.

खताचे काय? युरिया पाण्यात विरघळतो. तो मूठभर जास्त पडला, तर मातीतील पाणीच पेशीरसापेक्षा संहत होते. मग पाणी मुळात शिरण्याऐवजी मुळातून बाहेर ओढले जाते आणि रोपे करपतात. वाफ्यात पाणी असूनही रोप तहानलेले राहते!

हे स्वतः पडताळून पाहा. पालकाच्या जाड देठांच्या उभ्या, बारीक पट्ट्या करा. निम्म्या पट्ट्या साध्या पाण्यात ठेवा आणि निम्म्या, वाटीभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात. अर्ध्या तासाने दोन्हीकडील एकेक पट्टी बोटांनी वाकवून पाहा. साध्या पाण्यातील ताठ व कडक, मिठाच्या पाण्यातील लुळी असेल. आता लुळी पट्टी साध्या पाण्यात टाका. ती पुन्हा ताठ होते का? आणि शिजवलेली पट्टी टाकली तर? कारणासह उत्तर वहीत लिहा.