गोलरक्षकाचे हात

फुटबॉलच्या मैदानावर गोलापुढें जो मोठा चौकोन आंखलेला असतो, त्याच्या बाहेर गोलरक्षकानें चेंडूस हात लावूं नये, हा नियम खेळाइतकाच जुना आहे, अशी आमच्या विद्यार्थ्यांची समजूत दिसते. वस्तुतः तो १९१२ सालचा आहे. आणि वेल्स देशाचा ली रिचमंड रूज हा खेळाडू त्यास बव्हंशीं कारण झाला, असें सांगतात.

रूज १८७७ सालीं रेक्सहॅमजवळील होल्ट या गांवीं जन्मला. वडील प्रेसबिटेरियन मंडळीचे पाळक होते. ॲबरिस्टविथ येथें कॉलेजांत शिकत असतां तो तेथील संघांतून खेळूं लागला, व १९०० सालीं त्या संघानें वेल्श चषक जिंकला. पुढें लंडनमध्यें आरंभिलेला वैद्यकीचा अभ्यास मात्र तडीस गेला नाहीं. स्टोक, एव्हर्टन, संडरलँड अशा नामांकित संघांतून तो खेळला, पण पगार न घेतां, केवळ खर्च घेऊन. (तो खर्चहि कांहीं थोडा नसे!)

त्या काळीं गोलरक्षकास आपल्या अर्ध्या मैदानांत कोठेंहि चेंडू हाताळण्याची मुभा होती. अट इतकीच कीं, चेंडू धरून दोन पावलांहून अधिक चालावयाचें नाहीं. परंतु चेंडू जमिनीवर आपटीत गेल्यास ती अट लागू पडत नसे. तरीहि असें करण्यास फार थोडे धजत. कारण चेंडू घेऊन निघालेल्या गोलरक्षकास खांद्यानें धडक देऊन आडवा करणें नियमास धरून होतें, आणि मागें गोल उघडा पडे. रूज उंच, धिप्पाड व निर्भय. तो चेंडू आपटीत थेट मध्यरेषेपर्यंत धांवे आणि तेथून लांब लाथेनें किंवा फेकीनें तो आघाडीच्या गड्यांकडे पोंचवी. ज्यानें बचाव करावयाचा, तोच चढाईचा आरंभ करूं लागला! अखेर १९१२ मध्यें हातांचा हक्क त्या चौकोनापुरता, म्हणजे गोलापासून १८ यार्डांपर्यंत, उरला. माझ्या मतें त्यांत खेळाचें हितच झालें. परंतु एक रंगत गेली, हेंहि खरें.

वेल्सकडून तो २४ सामने खेळला. १९०७ सालीं इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड यांना मागें टाकून वेल्सनें चार राष्ट्रांची स्पर्धा प्रथमच जिंकली, त्या संघांत तो होता. १९१० मध्यें हात मोडला आणि उतार लागला.

पहिल्या महायुद्धांत तो रॉयल फ्युझिलिअर्स पलटणींत शिरला. शौर्याबद्दल त्यास मिलिटरी मेडल मिळालें. ७ ऑक्टोबर १९१६ रोजीं, वयाच्या ३८ व्या वर्षीं, तो सोमच्या रणांगणावर पडला. देह सांपडला नाहीं. पलटणीच्या दप्तरांत त्याच्या आडनांवाचें एक अक्षर चुकलें होतें. आणि ज्यांना कबर लाभली नाहीं अशा ७२,००० हून अधिक सैनिकांबरोबर थीपव्हाल येथील स्मारकावर त्याचें नांव कोरलें गेलें, तेंहि त्याच चुकीसह.