रंग कंपनीचे, वैमानिक ठेकेदाराचा

अमेरिकेत डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन एअरलाइन्सचं तिकीट काढून एखाद्या मध्यम आकाराच्या शहराकडे निघालेल्या प्रवाशाला विमानावर त्याच कंपनीचं नाव आणि रंग दिसतात. कॉकपिटमधला वैमानिक मात्र पुष्कळदा त्या कंपनीचा नोकर नसतो. स्कायवेस्ट, रिपब्लिक यांसारख्या प्रादेशिक कंपन्या मोठ्या कंपन्यांसाठी कंत्राटावर उड्डाणं करतात. कोविडपूर्वी अमेरिकेतल्या दर 10 देशांतर्गत उड्डाणांपैकी सुमारे 4 अशी होती. ही सीमा नेमकी कुठे आखायची, यावर वैमानिकांच्या संघटना आणि कंपन्या गेली तीसेक वर्षं झगडत आहेत. पगार आणि रजा यांच्याइतकंच महत्त्व करारातल्या ‘स्कोप’ नावाच्या कलमाला आहे. कोणतं काम कंपनीच्या स्वतःच्याच वैमानिकांनी करायचं, हे त्यात ठरतं. तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या करारांत ठेकेदाराच्या विमानावर आज 76 आसनांची आणि 86 हजार पौंड, म्हणजे सुमारे 39 हजार किलो, वजनाची मर्यादा आहे.

ही मर्यादा आवश्यक आहे, पण तिच्या भरवशावर राहणाऱ्या संघटनेचा घात ठरलेला आहे. ठेकेदारी येते ती स्वस्त पडते म्हणून. पगारातली दरी रुंद असेपर्यंत कुंपण ओलांडण्याचा मोह कंपनीला सुटणार नाही. त्यामुळे पलीकडच्या कमी पगाराच्या वैमानिकाची बाजू घेणं हा ज्येष्ठ वैमानिकाचा परोपकार नसून त्याचा रोकडा स्वार्थ आहे.

1997च्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. वादाच्या मुळाशी तेव्हा नवी असलेली छोटी जेट विमानं होती. ती आम्ही उडवणार की कमी पगाराची उपकंपनी, हा प्रश्न होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच हस्तक्षेप करून संप थांबवला. त्यांना हे करता आलं ते रेल्वे कामगार कायद्यामुळे. 1926चा हा कायदा 1936मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यानुसार मुदत उलटली तरी जुना करार चालूच राहतो, मध्यस्थी मंडळाने मोकळीक दिल्याशिवाय संप करता येत नाही आणि वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळतात. पुढे 2002पासून दशकभरात युनायटेड, डेल्टा, अमेरिकन अशा कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या छायेत झालेल्या करारांत आसनांची मर्यादा 50वरून 70, मग 76 अशी सरकत गेली. अडचणीच्या काळात पहिला सौदा होतो तो स्कोपचाच, कारण ते विकल्याची झळ आजच्या सभासदाला लागत नाही. ती लागते उद्या भरती होणाऱ्याला.

एकजुटीची खरी परीक्षा झाली कॉमएअरमध्ये. डेल्टाच्या मालकीच्या या उपकंपनीतल्या वैमानिकांनी 2001मध्ये 89 दिवसांचा संप केला आणि पगारवाढ मिळवली. कॉमएअरचे आणि डेल्टाचे वैमानिक ‘आल्पा’ या एकाच संघटनेचे सभासद होते, तरी त्याच सुमारास प्रादेशिक वैमानिकांच्या एका गटाने आल्पावरच खटला भरला. त्यांची तक्रार अशी, की संघटना मोठ्या कंपन्यांतल्या सभासदांसाठी आमच्या विमानांचा आकार आणि संख्या बांधून टाकते. ही तक्रार निव्वळ मत्सराची म्हणून उडवून लावता येणार नाही. स्कोपचं कलम ठेकेदाराच्या वैमानिकाकडून पाहिलं, तर ती त्याच्या वाढीवरची बंदीच आहे. 2012मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी नवा करार केला, त्यात 50 आसनी विमानं घटवायचं ठरलं. त्याच उन्हाळ्यात कॉमएअर बंद करण्याची घोषणा झाली.

स्वस्ताईची किंमत 2009मध्ये चव्हाट्यावर आली. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या नावाने कोलगन एअर ही प्रादेशिक कंपनी चालवत असलेलं विमान बफेलोजवळ कोसळून 50 जण गेले. सहवैमानिक सिअॅटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. तिचा वार्षिक पगार सुमारे 16 हजार डॉलर असल्याचं सुनावणीत पुढे आलं. अपघाताचं कारण कमी पगार नव्हतं. धोक्याच्या इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे तपासातलं मुख्य कारण. पण कंपनीचं नाव पाहून तिकीट काढणाऱ्यांना कॉकपिटमधली परिस्थिती पहिल्यांदा कळली. त्यानंतरच्या कायद्यामुळे सहवैमानिकालाही साधारण 1500 तासांच्या उड्डाणाची अट आली.

मर्यादा आणि पगारवाढ या दोन्हींवर आक्षेप आहेत, आणि सगळेच पोकळ नाहीत. वजनाच्या मर्यादेमुळे एम्ब्रेअरचं इंधन वाचवणारं नवं ई-175 ई-2 अमेरिकेतल्या प्रादेशिक कंपन्यांना वापरता येत नाही. हे नुकसान खरं आहे, पण तेच विमान मोठ्या कंपनीने स्वतःच्या वैमानिकांकरवी उडवायला करारात आडकाठी नाही. दुसरा आक्षेप लहान गावांचा: पगार वाढले तर तिथली सेवा परवडणार नाही. मार्च 2022मध्ये वैमानिक कमी पडतात म्हणून स्कायवेस्टने अनुदानित सेवेतली 29 गावं सोडण्याचं जाहीर केलं. म्हणजे तोवर या गावांच्या सेवेचा काही भार तरुण वैमानिकाच्या तुटपुंज्या पगारावर होता. गावाला विमान हवं असेल, तर तो खर्च उघडपणे सरकारने उचलावा. त्यासाठीची योजना 1978पासून आहेच.

कागदावरची मर्यादा किती तकलादू असते, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. बेस्टच्या बससेवेत रूढ झालेला ‘वेट लीज’ हा शब्द मूळचा विमान व्यवसायातलाच: गाडी ठेकेदाराची, चालकही त्याचाच. 2019मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या 3337 बस राखण्याचं ठरलं होतं. आज हा आकडा हजाराच्याही खाली आहे. 2023च्या ऑगस्टमध्ये वेट लीजचे चालक पगारासाठी संपावर गेले, तेव्हा लोकांना बस बेस्टच्याच बंद पडलेल्या दिसल्या.

अमेरिकेत दरी थोडी बुजली ती 2022मध्ये, वैमानिकांच्या टंचाईमुळे. अमेरिकन एअरलाइन्सच्या एन्व्हॉय आणि पीडमाँट या उपकंपन्यांत नव्या सहवैमानिकाचा दर तात्पुरत्या वाढीसह तासाला 90 डॉलरवर गेला. पुढच्याच वर्षी डेल्टाच्या वैमानिकांना चार वर्षांत 34 टक्के वाढीचा करार मिळाला. दोन्ही वाढी एकाच टंचाईतून आल्या, त्यामुळे त्या संघटनेच्याच बळावर टिकतील असं मानणं घाईचं ठरेल. तिन्ही मोठ्या कंपन्यांसाठी उडणाऱ्या स्कायवेस्टचे वैमानिक तर आजही आल्पाबाहेर, कंपनीपुरत्या मंडळात आहेत.