वॅट वाढवले की पल्ला वाढतो?

वज्रेश्वरीच्या पश्चिमेला तुंगारेश्वरचा डोंगर आडवा पडला आहे. खाली तानसा नदीकाठी उभं राहून 5 वॅटच्या हातातल्या सेटवरून 145 मेगाहर्ट्‌झवर वसईला हाक मारली, तर उत्तर येण्याची आशा थोडीच. यावर नव्या हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, निदान ठरलेलं असतं: सेटमध्ये दम नाही, पॉवर ॲम्प्लिफायर लावू.

लावला, 5चे 50 वॅट झाले, तरी मिळतात फक्त 10 डेसिबल. समोरच्याच्या एस-मीटरवरचं एक घर म्हणजे 6 डेसिबल, म्हणजे चौपट शक्ती. दहापट खर्चून काटा दोन घरंही सरकत नाही, आणि डोंगराची सावली याहून कितीतरी गडद असते. त्यापेक्षा उंचावर चढावं. नाहीतर 7 मेगाहर्ट्‌झवर यावं. झाडाला जरा खालीच ताणलेला वीस मीटर लांबीचा डायपोल लहरी जवळजवळ सरळ वर फेकतो, आयनांबर त्या परत पाठवतं आणि दिवसा मुंबई, नाशिक, पुणे 5-10 वॅटमध्ये ऐकू येतात. डोंगराचा प्रश्नच उरत नाही.

या बँडवर घरी जोडलेल्या सेटांमध्ये हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या बिटेक्सचं नाव आधी निघतं. 2016च्या बिटेक्स-40मध्ये शेवटी एकच आयआरएफ510 आहे आणि तो सातेक वॅट देतो. ‘हा रेडिओचा ट्रान्झिस्टरच नव्हे’ अशी नाकं मुरडली जातात. खरंच नव्हे, तो पॉवर सप्लाय आणि मोटरी चालू-बंद करण्यासाठी बनला. त्याच्या गेटची सुमारे 180 पिकोफॅरडची कपॅसिटी 7 मेगाहर्ट्‌झवर फारशी नडत नाही, 28वर मात्र आधीच्या टप्प्याची बरीच शक्ती तिथेच जिरते. म्हणून बहुबँड सेटमध्ये वरच्या बँडवर आऊटपुट घसरतं. तो बिघाड नव्हे, स्वस्ताईची किंमत आहे.

‘चांगला ट्रान्झिस्टर टाकला की 12 व्होल्टवरही हवी तेवढी पॉवर निघेल’ हाही भ्रमच. 12चा वर्ग 144. त्याला अँटेनाच्या 50 ओहमच्या दुपटीने भागलं की दीड वॅटसुद्धा येत नाही. 10 वॅट हवे तर ट्रान्झिस्टरला सातेक ओहमचा भार दाखवावा लागतो आणि ते काम ट्रान्सफॉर्मर करतो. भार जितका कमी तितका प्रवाह मोठा, आणि बारीक वायरीतला ऱ्हासही मोठा. 24 व्होल्ट दिले तर हे सारं सुसह्य होतं, पण मग गाडीची बॅटरी कामाची राहत नाही.

कार्यक्षमतेची मोहिनी याहून चिवट. क्लास सी किंवा ई कमी तापतो, एफएमला आणि मोर्सला उत्तम चालतो. एसएसबीत मात्र आवाजाचा चढउतार जसाच्या तसा वाढवावा लागतो. तिथे हे क्लास शब्द चिरडतात. क्लास एबी घ्यायचा तर बटण दाबून गप्प बसलात तरी बायसचा प्रवाह वाहतो आणि हीटसिंक कोमट होतो. व्हायलाच हवा. पण आयआरएफ510च्या पाठीचा पत्रा म्हणजे ड्रेन, त्याला पुरवठ्याचा व्होल्टेज असतो. पत्रा आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा तुकडा विसरलात तर हीटसिंक पेटीला टेकताच शॉर्ट.

पुशपुल जोडी सम हार्मोनिक दाबते, म्हणून फिल्टर वगळणारेही भेटतात. तिसरं हार्मोनिक तसंच राहतं: 7.1चं 21.3 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे थेट हॅमच्याच 15 मीटर बँडवर. लो-पास फिल्टरला पर्याय नाही.

भारतात रिस्ट्रिक्टेड परवान्याला 50, जनरलला 400 वॅटची मर्यादा आहे. ती गाठायलाच हवी असं कुठे लिहिलेलं नाही. माईक गेन पिळून 10 वॅट काढणाऱ्याने ते 7वर आणले तर दीड डेसिबल जातात, ऐकणाऱ्याला कळतही नाही. शिखरं सपाट व्हायची थांबतात आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांची कटकट मिटते.