राष्ट्राध्यक्षांच्या टाळूतलं गुपित

26 जून 1893 रोजी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. तोवर कुणीही व्यापारी चांदीच्या लगडी घेऊन मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीत जायचा आणि तिचे रुपये पाडून घ्यायचा. एका कायद्यासरशी जगातल्या चांदीचं फार मोठं गिऱ्हाईक नाहीसं झालं आणि चांदीचा भाव कोसळला. अमेरिका त्या वर्षी आधीच आर्थिक संकटात सापडली होती. बँका बुडत होत्या, सरकारी तिजोरीतलं सोनं आटत होतं. 30 जूनला राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी 7 ऑगस्टपासून काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी ते वॉशिंग्टनहून निघाले आणि रात्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून ‘ओनायडा’ नावाच्या, एका मित्राच्या आलिशान नौकेवर चढले. नौकेवर पाच डॉक्टर आणि एक दंतवैद्य त्यांची वाट पाहत होते.

एका माणसाच्या तोंडातली जखम आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या चांदीचा भाव या दोन गोष्टी एकाच आठवड्यात अशा एकमेकींत अडकल्या होत्या. मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा ती कादंबरीतलीच वाटली. पण ती शब्दशः घडलेली आहे.

क्लीव्हलंड यांना टाळूच्या डाव्या बाजूला काहीतरी खरखरीत लागत होतं. जूनमध्ये डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तिथे पंचवीस सेंटच्या नाण्याएवढी जखम दिसली. तिचा तुकडा रुग्णाचं नाव न सांगता तपासायला पाठवला. तो कॅन्सर असावा, असा अंदाज आला आणि गाठ लगेच काढायचं ठरलं. पण दवाखान्यात जायचं नव्हतं, व्हाइट हाउसमध्येही काही करायचं नव्हतं. त्या काळी कॅन्सर हा शब्दच मृत्यूची तारीख सांगितल्यासारखा ऐकला जायचा. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट 1885 मध्ये घशाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा त्यांच्या खंगण्याची बातमी देशाने रोज सकाळी वर्तमानपत्रात वाचली होती. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये क्लीव्हलंडच होते.

शिवाय चांदीचं राजकारण होतं. 1890 च्या कायद्याप्रमाणे अमेरिकी सरकारला दरमहा 45 लाख औंस चांदी विकत घ्यावी लागत होती. तिजोरीतल्या सोन्याला गळती लागली ती या कायद्यामुळे, असं क्लीव्हलंड यांचं ठाम मत होतं, आणि तो रद्द करण्यासाठीच त्यांनी अधिवेशन बोलावलं होतं. उपराष्ट्राध्यक्ष ॲडलाय स्टीव्हन्सन मात्र चांदीवाल्यांच्या बाजूचे. राष्ट्राध्यक्ष गेले, किंवा जाणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी बाजार कोलमडेल अशी धास्ती होती. म्हणून स्टीव्हन्सन यांनासुद्धा काही कळवलं नाही.

1 जुलैच्या सकाळी नौका ईस्ट रिव्हरमधून निघाली. नदीकाठी बेलव्ह्यू हे मोठं रुग्णालय आहे. तिथल्या कुणी ओळखू नये म्हणून नौका समोरून जाताना सगळे डॉक्टर डेकवरून खाली केबिनमध्ये गेले. प्रमुख सर्जन जोसेफ ब्रायंट यांनी कप्तानाला सांगून ठेवलं होतं की खडकावर आपटायचंच असेल तर असं जोरात आपट की आपण सगळेच तळाला जाऊ.

दुपारी केबिनमध्ये एक खुर्ची डोलकाठीला बांधली आणि तिच्यात 56 वर्षांच्या, अवाढव्य देहाच्या राष्ट्राध्यक्षांना बसवलं. दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइडची भूल देऊन दोन दाढा काढल्या, मग ईथर देण्यात आलं. फिलाडेल्फियाचे सर्जन विल्यम कीन यांनी पॅरिसहून आणलेलं गाल मागे ओढून धरायचं एक उपकरण सोबत होतं. त्यामुळे सगळं काम तोंडातून झालं, बाहेरून एकही छेद द्यावा लागला नाही आणि राष्ट्राध्यक्षांच्या सुप्रसिद्ध मिशीला धक्काही लागला नाही. सुमारे दीड तासात डॉक्टरांनी वरच्या जबड्याचा डावीकडचा मोठा भाग काढला. 1893 साल होतं. क्ष-किरणांचा शोध लागायला दोन वर्षं होती, प्रतिजैविकं तर अजून अर्ध्या शतकावर होती. रक्तगट ठाऊक नव्हते, तेव्हा रक्तस्राव आवरला नाही तर रक्त देण्याचीही सोय नव्हती. आणि हे सारं पाण्यावर तरंगणाऱ्या जागी.

पाचव्या दिवशी क्लीव्हलंड मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या आपल्या उन्हाळी घरी स्वतःच्या पायांनी चालत गेले. थोडा भाग राहिला असावा अशा शंकेने 17 जुलैला त्याच नौकेवर पुन्हा एक लहान शस्त्रक्रिया झाली. मग न्यूयॉर्कच्या एका दंतवैद्याने कडक रबराचा जबडा बनवला. तो बसवल्यावर बोलणं पूर्वीसारखं, गालाला खळगा नाही. पत्रकारांना सांगितलं गेलं की साहेबांना संधिवाताचा त्रास आहे आणि एक-दोन दाढा काढल्या आहेत. चांदीखरेदीचा कायदा 1 नोव्हेंबरला रद्द झाला.

इथवर वाचलं की डॉक्टरांच्या हातांना नमस्कार करावासा वाटतो. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला अस्वस्थ करतो तो हा पुढचा भाग आहे. ई. जे. एडवर्ड्स नावाच्या पत्रकाराला सुगावा लागला. भूल देणारा दंतवैद्य दुसऱ्या एका शस्त्रक्रियेला उशिरा पोचला होता. उशीर का झाला, हे सांगताना त्याच्या तोंडून सगळं निघून गेलं. एडवर्ड्सने त्याला गाठून खात्री करून घेतली आणि 29 ऑगस्टला ‘फिलाडेल्फिया प्रेस’मध्ये बातमी दिली. त्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील बरोबर होता. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी सरळ इन्कार केला. इतर वर्तमानपत्रं एडवर्ड्सवर तुटून पडली आणि सच्च्या बातमीदारावर खोटारडेपणाचा शिक्का बसला. तो पुसायला 24 वर्षं लागली. 1917 मध्ये, क्लीव्हलंड जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, डॉ. कीन यांनी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये सगळी हकिगत लिहिली आणि एडवर्ड्स खरं बोलत होता हे जाहीरपणे मान्य केलं.

काढलेली गाठ बाटलीत जपलेली होती, फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आजही आहे. तिचा पुन्हा अभ्यास होऊन 1980 मध्ये निदान प्रसिद्ध झालं. तो व्हेरुकस कार्सिनोमा होता, म्हणजे कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा आणि शरीरभर सहसा न पसरणारा. क्लीव्हलंड शस्त्रक्रियेनंतर 15 वर्षं जगले ते का, याचं उत्तर सत्त्याऐंशी वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली मिळालं.

आता क्लीव्हलंडच्या काळापासून ऐंशीएक वर्षं पुढे या. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू 1974 मध्ये पदावर असतानाच रक्ताच्या कॅन्सरने गेले. त्यांचा आजार वारंवार येणारा फ्लू म्हणून लोकांना सांगितला जात होता. म्हणून फ्रांस्वा मितराँ यांनी निवडून आल्यावर दर सहा महिन्यांनी आपल्या प्रकृतीचा अहवाल छापायला सुरुवात केली. मे 1981 मध्ये ते निवडून आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना प्रोस्टेटचा, हाडांपर्यंत पोचलेला कॅन्सर असल्याचं कळलं. अहवाल मात्र ठरल्याप्रमाणे निघत राहिले. खाली सही त्यांचे खासगी डॉक्टर क्लोद गुब्लेर यांची, आणि मजकुरात कॅन्सरचा उल्लेख नाही. 1988 मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं ते असेच अहवाल वाचून. खरी गोष्ट बाहेर आली ती 1992 च्या शस्त्रक्रियेनंतर. जानेवारी 1996 मध्ये मितराँ गेले आणि काही दिवसांतच गुब्लेर यांचं पुस्तक बाजारात आलं. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने विक्री थांबवली, तोवर सुमारे 40 हजार प्रती खपल्या होत्या. 2004 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की मृत्यूनंतर लगेचची तात्पुरती बंदी समजण्याजोगी होती, कायमची बंदी मात्र अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग आहे.

क्लीव्हलंड यांनी कागदच काढला नाही, मितराँ यांनी दर सहा महिन्यांनी काढला, आणि लोक दोन्ही वेळा अंधारातच राहिले. सही करणाऱ्या डॉक्टरची बांधिलकी रुग्णाशी असते, आणि ती असायलाच हवी. मतदारांचा साक्षीदार म्हणून त्याच डॉक्टरला उभं केलं की त्याला एकाशी तरी प्रतारणा करावी लागते. मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो.

उमेदवारांच्या बाबतीत हे सर्वांत तीव्रपणे दिसलं ते पॉल सॉन्गस यांच्या वेळी. मॅसॅच्युसेट्सच्या या सिनेटरला 1983 मध्ये लिम्फोमा हा कॅन्सर झाला. त्यांनी पद सोडलं, 1986 मध्ये अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण करून घेतलं, आणि 1992 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले. जाहिरातीत ते पोहताना दिसत, आणि प्रत्यारोपणानंतर कॅन्सर परतलेला नाही असं सांगितलं जात होतं. वास्तविक 1987 मध्ये तो एका गाठीत परत आला होता आणि त्यावर किरणोपचारही झाले होते. हे उजेडात आलं ते त्यांनी प्रचार थांबवल्यावर. त्याच वर्षाअखेरीस आजार उलटला. सॉन्गस 18 जानेवारी 1997 ला गेले. ते निवडून आले असते तर त्यांची मुदत 20 जानेवारीला संपली असती.

अमेरिकेत आजही उमेदवाराने प्रकृतीचे कागद दाखवावेत असा कायदा नाही. जो तो आपल्या मर्जीने दाखवतो. 2008 मध्ये उमेदवार जॉन मॅकेन यांच्या प्रचारपथकाने निवडक पत्रकारांना एका रिसॉर्टच्या खोलीत बसवून 1,173 पानं तीन तास चाळू दिली, छायाप्रती मात्र काढू दिल्या नाहीत. खऱ्या अर्थाने सुधारली ती निवडून आल्यानंतरची व्यवस्था. 1967 च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीमुळे भुलेखाली जाणारा राष्ट्राध्यक्ष पत्र लिहून अधिकार उपराष्ट्राध्यक्षाकडे सोपवू शकतो. 19 नोव्हेंबर 2021 ला जो बायडन यांच्या आतड्याची तपासणी झाली, तेव्हा कमला हॅरिस 85 मिनिटं कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष होत्या आणि ते जगाला त्याच वेळी कळलं. ‘ओनायडा’वरची शस्त्रक्रिया साधारण तेवढ्याच वेळाची होती, आणि तेव्हा देश कुणाच्या हाती होता याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आपल्याकडे 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण सांगावं लागतं. प्रकृतीचा रकाना त्यात नाही. तो असावा का, यावर मी बराच विचार केला आहे. आजारपण हा कलंक नाही. कॅन्सरमधून बरा झालेला, नैराश्यावर उपचार घेतलेला, रोज इन्सुलिन टोचणारा माणूस उत्तम कारभार करू शकतो, आणि उघड्या फायलीचा पहिला वापर विरोधक त्याला हिणवायलाच करतील. म्हणून सगळी फाईल चव्हाट्यावर मांडावी असं मला वाटत नाही. पण पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री होऊ पाहणाऱ्या व्यक्तीला, तिच्याशी रुग्ण म्हणून कसलंही नातं नसलेल्या दोन-तीन डॉक्टरांनी तपासावं, आणि येत्या पाच वर्षांत हे काम करण्याच्या आड येईल असं काही आढळलं का, एवढंच स्वतःच्या सहीने लेखी सांगावं. आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे उमेदवाराने ठरवावं.