पहिली चोरी आणि कबुलीची वाटाघाट

श्रोतेहो, जन्मभर मुलांना शिकविलेल्या मनुष्याच्या दारीं जुने विद्यार्थी कधीं पेढे घेऊन येतात, तर कधीं त्यांचे पालक डोळ्यांत पाणी घेऊन येतात. गेल्या वर्षीं एक सद्गृहस्थ असेच आले. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलानें एका मोठ्या दुकानांतून १,८०० रुपयांची वस्तु पैसे न देतां बाहेर नेली होती. प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढें गेलें होतें. "मास्तर, मुलाला गुन्हा कबूल करूं द्यावा, म्हणजे एकदांचें मिटेल," असें ते म्हणाले. या 'मिटेल' शब्दाविषयींच मला आज बोलावयाचें आहे.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३०३ व्या कलमाप्रमाणें चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु माल ५,००० रुपयांहून कमी किंमतीचा असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरत असेल आणि तो माल किंवा त्याची किंमत परत करील, तर त्यास तुरुंग नाहीं. समाजसेवा, म्हणजे लोकोपयोगी बिनमोबदला काम, हीच शिक्षा आहे. मात्र दुकान ही मालमत्ता ठेवण्याची इमारत मानून ३०५ वें कलम लावलें, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते आणि त्या कलमांत समाजसेवेची सोय नाहीं. म्हणून आरोप कोणत्या कलमाखालीं आहे, हें प्रथम पाहावें.

आतां वाटाघाटीकडे वळूं. आपल्या कायद्यांत ती २००६ सालीं आली. आरोपनिश्चितीपासून तीस दिवसांच्या आंत आरोपीनें स्वतः अर्ज करावयाचा असतो. तो अर्ज खुषीचा आहे कीं दडपणाचा, हें न्यायाधीश त्यास एकांतांत विचारून ठरवितात. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि ज्याचें नुकसान झालें तो, असे एकत्र बसून भरपाई व इतर गोष्टी ठरवितात. पहिल्याच गुन्ह्यांत न्यायालय कायद्यानें सांगितलेल्या शिक्षेच्या एक षष्ठांश शिक्षा देऊं शकतें. तीन वर्षांच्या ठिकाणीं सहा महिने. पण ध्यानांत घ्या, षष्ठांश झाली तरी ती दोषसिद्धीच. अशा निकालावर नेहमींचें अपीलहि चालत नाहीं. नोकरीच्या अर्जांत 'पूर्वीं शिक्षा झाली आहे काय?' असा प्रश्न पुढें आला, कीं 'मिटलेलें' प्रकरण पुन्हां उभें राहतें.

याहून सौम्य वाटा आहेत. ३०३ व्या कलमाखालील साध्या चोरींत मालाचा मालक तडजोड करूं शकतो. तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. तें न जमल्यास १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणें न्यायालय आरोपीस सदाचाराच्या बंधपत्रावर सोडूं शकतें, आणि त्या कायद्याच्या १२ व्या कलमामुळें दोषसिद्धीची अपात्रता त्यास चिकटत नाहीं. ही सवलत वाटाघाटीनंतरहि मागतां येते. आरोपी अठरा वर्षांच्या आंतला असेल, तर त्याचें प्रकरण बाल न्याय मंडळापुढें चालतें.

त्या सद्गृहस्थांना मीं एवढेंच सांगितलें, "कबुली वकिलाला विचारल्यावांचून देऊं नका, आणि आधीं मुलाला घेऊन दुकानदाराकडे जा." मुलानें वस्तु परत केली, मान खालीं घालून क्षमा मागितली, आणि मालकानें न्यायालयांत तडजोड केली. त्या मुलानें चूक केली होती, हें मीं त्याच्या तोंडावर सांगितलें. पण चुकीची लाज वाटणें निराळें, आणि त्या लाजेपोटीं घाईनें सही करणें निराळें. पहिल्या अपराधाला कायद्यानें परतीची वाट ठेविली आहे. ती ठाऊक नसल्यामुळें कोणाच्या मुलाचें जन्माचें नुकसान होऊं नये, एवढीच माझी विनंति.