सालाखालची खूण

एक रुपयाचे नाणे हातात घ्या आणि त्यावरचे साल शोधा. सालाखाली बारीकसा हिरा असेल तर ते नाणे मुंबईच्या टांकसाळीतले. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे आणि गोल ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच खूण नसेल तर ते कोलकात्याचे. खूण नसणे हीच कोलकात्याची ओळख आहे, त्यामुळे तशा नाण्याला कोणी 'चुकीचे नाणे' म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

जुन्या नाण्यांवर आणखीही खुणा सापडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाहोरला पाडलेल्या नाण्यांवर इंग्रजी 'एल' हे अक्षर आहे. १९८५ सालची एक रुपयाची काही नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडली गेली. त्यांच्या सालाखाली 'एच' दिसतो.

आता खऱ्या चुकांकडे वळू. टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते आणि एकाच दाबात दोन्ही बाजू उमटतात. या कामात पुढील चुका होऊ शकतात :

१. चकती सरकली, तर चित्र एका बाजूला जाते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते.

२. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूवर त्याचेच उलटे, खोलगट चित्र उमटते. याला संग्राहक 'ब्रॉकेज' म्हणतात.

३. ठसा फिरला, तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. नाणे वरून-खालून चिमटीत धरून पुस्तकाच्या पानासारखे उलटा. आपल्या आजच्या नाण्यांवर दुसरी बाजूही सुलटीच दिसायला हवी.

४. ठशाला तडा गेला, तर नाण्यावर उंच रेघ येते. खोल रेघ असेल तर तो नंतर पडलेला ओरखडा समजावा.

हा शेवटचा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्येक विचित्र नाण्याला एकच प्रश्न विचारायचा : हे टांकसाळीत घडले की बाहेर? दोन नाणी शेगड्यात दाबूनही उलटे चित्र उमटवता येते, पण मग नाण्याचे मूळ चित्र चेपते आणि कडाही बिघडतात. भिंग आणि वजनकाटा असला की अशी बरीच बनावट उघडी पडते.

'तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे कमिशन मागितले जाते, पण बँक असा व्यवहार करत नाही, असा इशारा तिने २०२१ मध्ये दिला आहे. घरातल्या मोठ्यांनाही हे जरूर सांगा.

आणि एक, जुने नाणे चिंच किंवा पॉलिशने घासू नका. चकाकी येते, पण बारीक खुणा झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत कमी होते.