निवारा कुठे बांधायचा?

मतदार यादीत नाव नोंदवायचे तर राहत्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्याकडे घरच नाही त्याने तो कुठून आणावा? निवडणूक आयोगाने यावर काढलेली वाट अगदी साधी आहे. बेघर माणसाने अर्जात जी जागा लिहिली असेल तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जायचे, तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचे, आणि तेही एकापेक्षा जास्त रात्री. माणूस तिथे सापडला की निवासाचा दुसरा कागद मागायचा नाही. फुटपाथ, पुलाखालचा कोपरा, बंद दुकानाची पायरी, सगळे चालते. मतापुरती ही ओळख मिळते. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत मात्र तोच माणूस पुन्हा पत्त्यापाशी अडतो.

अशी माणसे किती आहेत? जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री बेघरांची वेगळी मोजणी झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे सापडली, त्यांतली ९ लाख ३८ हजार शहरांत होती. मुंबईत ५७ हजारांहून थोडी अधिक. रस्त्यावर काम करणाऱ्या संस्थांना हे आकडे फार अपुरे वाटतात, आणि त्यांचे म्हणणे पटते. रात्रपाळीला गेलेला हमाल, पोलिसांनी उठवल्यामुळे जागा बदललेले कुटुंब, भीतीने आडोशाला गेलेली एकटी बाई एका रात्रीच्या फेरीत सापडेलच असे नाही. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली. त्यामुळे शहरे अजूनही त्याच एका रात्रीच्या हिशेबावर नियोजन करत आहेत.

बेघरांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: धडधाकट आहेत, काम का करत नाहीत? पहाटे लेबर नाक्यावर उभे राहणारे बिगारी पाहावेत. मंडईत पाट्या उचलणारे, केटररकडे रात्री उशिरापर्यंत भांडी घासणारे, वरातीत डोक्यावर दिवे धरणारे, कचरा वेचणारे, सिग्नलवर गजरे विकणारे पाहावेत. यांतले कितीतरी जण रात्री उघड्यावर झोपतात. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत, केसनंद फाट्यावर, फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. तिघांचा जीव गेला. त्यांत दोन अगदी लहान मुले होती. ही कुटुंबे अमरावतीकडून बांधकामाच्या कामासाठी आली होती. काम शोधत राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आलेल्या माणसांना आळशी म्हणणे हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे.

मुंबईत या प्रश्नाची सर्वांत मोठी कायदेशीर लढाई १९८१ च्या पावसाळ्यात सुरू झाली. १३ जुलै रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसात झोपड्या तुटू लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड.

हा निकाल पुष्कळदा अर्धाच सांगितला जातो. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने ठामपणे मान्य केले. माणसे फुटपाथवर राहतात ती तिथून काम जवळ आहे म्हणून, जागा गेली तर रोजगारही जातो, हेही मान्य केले. पण फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. नोटीस द्या, पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत हात लावू नका, १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना दुसरी जागा द्या, असे सांगितले. तत्त्व जिंकले. अंथरूण टाकायला जागा मात्र मिळाली नाही.

निकालाच्याच वर्षी भायखळ्याच्या फुटपाथवर वेगळेच काम चालू होते. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही संस्था काढली होती. झोपड्या तुटणार हे दिसत असताना त्यांनी तिथल्या रहिवाशांना सोबत घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. पाहणीतून दिसले की ही माणसे काल-परवा आलेली नव्हती. कोणी वीस वर्षे तिथे होते, कोणाची मुले फुटपाथवरच जन्मून मोठी झाली होती. पुढे या फुटपाथांवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. त्यांनी रोज थोडे थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली, आपल्याला कसले घर हवे आहे हे स्वतः मापे घेऊन ठरवले. उंच छताची एक खोली आणि वर पोटमाळा, अशी त्यांची कल्पना होती. जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांच्यासोबत होता. यातल्या काही बायका पुढे मानखुर्दला स्वतःच्या घरात गेल्या. मुंबईच्या इतिहासात हे काम फार मोलाचे आहे, कारण इथे बेघरांची यादीही बेघरांनीच केली आणि घराचा आराखडाही त्यांनीच.

पण मानखुर्द म्हणजे भायखळा नव्हे. नवे घर मिळाल्यावर कामाला जायचा वेळ आणि भाडे यांचा नवा खर्च सुरू होतो. घर आणि काम यांना जोडणारा हा धागा सोडला तर निवाऱ्याची कुठलीही योजना फसते.

निवाऱ्याचा कायदेशीर आधार २०१० नंतर घट्ट झाला. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत कडाक्याच्या थंडीत पुसा रोडवरचा तंबूचा तात्पुरता निवारा तिथल्या महापालिकेने पाडला. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी त्यावर न्यायालयाला पत्र लिहिले. त्यातून पुढे आदेश निघाले: मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा हवा, तो बाराही महिने आणि चोवीस तास उघडा हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच निकष घेतले. दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, न्हाणीघर, शौचालय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कप्पा. बायका, कुटुंबे, म्हातारी माणसे, आजारी माणसे यांच्यासाठी वेगळे निवारे. शिवाय जागा अशी निवडायची की बेघर माणसे जिथे राहतात, काम करतात, तिथून ती जवळ असेल.

या हिशेबाने मुंबईच्या सव्वा कोट वस्तीला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही ते नाहीत. असलेल्यांतही सगळ्यांची सोय होत नाही. नवरा-बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या ठिकाणी झोपायला सांगितले तर ते कुटुंब फुटपाथच पत्करते. सकाळी बाहेर काढणाऱ्या निवाऱ्यात रात्रपाळीवाला कधी झोपणार? हातगाडी, भंगाराचे पोते, भांडी ठेवायला जागा नसेल तर माणूस सामानापाशीच झोपणार, कारण तेच त्याचे भांडवल. निवारे रिकामे राहतात म्हणून ‘यांना रस्ताच आवडतो’ असा निष्कर्ष काढला जातो. खरा दोष निवाऱ्याच्या जागेत आणि नियमांत असतो.

जागा का मिळत नाही, याचे एक कारण जमिनीची किंमत. दुसऱ्या कारणाबद्दल मोकळेपणी बोलले जात नाही. आपल्या गल्लीत निवारा नको, असे रहिवासी म्हणतात. चोऱ्या होतील, घाण होईल, सोसायटीचे भाव पडतील. मग निवारा जातो शहराच्या कडेला, जिथे ना काम, ना मंडई, ना रुग्णालय. शहराने बेघरांचे काय करावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर महापालिकेकडे आहे. उरलेले अर्धे या गल्लीकडे आहे, आणि ते सोपे नाही.

भीतीच्या मुळाशी एक जुना कायदाही आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. या कायद्यात हात पसरणारा तर भिकारी ठरतोच, पण उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणारा, भिकेवर जगत असावा असा दिसणारा माणूसही त्यात धरला जाऊ शकतो. पहिल्यांदा सापडल्यावर एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी त्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्यापुरती रद्द केली. २०२१ मध्ये भीक मागण्यावर बंदी घालावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. त्या पीठावर न्या. धनंजय चंद्रचूड होते, म्हणजे १९८५ च्या निकालातल्या सरन्यायाधीशांचे चिरंजीव.

या कायद्याचा आणि पोलिसी संशयाचा मार सर्वांत जास्त बसतो तो पारध्यांसारख्या समाजाला. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेली परंपरा या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवत गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या ‘विमुक्त’ झाल्या, पण रात्री फुटपाथवर झोपलेल्या पारधी कुटुंबाकडे पाहण्याची नजर तेवढी बदलली नाही. गावात जमीन नाही, जातीचा दाखला नाही, म्हणून योजना नाही. अशा कुटुंबाला निवाऱ्याइतकीच कागद काढून देणाऱ्या माणसाची गरज असते.

रस्त्यावर एकटी फिरणारी, स्वतःशी बोलणारी, केसांच्या जटा झालेली माणसे हा या प्रश्नातला सर्वांत दुखरा भाग. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने मुंबईत एका तरुणाला करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. उपचारानंतर कळले, तो आंध्र प्रदेशातल्या घरचा पदवीधर मुलगा होता. त्यातून १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली, पुढे कर्जतला केंद्र झाले. रस्त्यावरून उचलायचे, औषध सुरू करायचे, माणूस बोलू लागला की गावाचे नाव विचारायचे आणि थेट घरी नेऊन पोचवायचे, ही त्यांची पद्धत. हजारो माणसे अशी घरी गेली. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि सुचेता धामणे यांची ‘माउली’ मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावर सोडून दिलेल्या बायकांना सांभाळते. त्यांतल्या कितीतरी जणींवर रस्त्यावर अत्याचार झालेले असतात, काही मुलांसह येतात. ही कामे थोर आहेत. तरी ती दोन-चार डॉक्टरांच्या जिवावर चालावीत हे बरे नव्हे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा निवाऱ्यात गेले, तर त्यातला मोठा भार हलका होईल.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी आहे. फिनलंडमध्ये १९८७ साली अठरा हजारांवर बेघर होते. तिथेही आधी वसतिगृहांसारखे निवारेच होते. २००८ पासून सरकारने उलटा क्रम धरला: आधी भाड्याचे स्वतंत्र घर द्यायचे, दारू सोडवणे, उपचार, नोकरी हे त्यानंतर. हेलसिंकीतल्या साल्व्हेशन आर्मीच्या अडीचशे खाटांच्या निवाऱ्याचे २०१२ मध्ये ८१ छोट्या घरांत रूपांतर झाले. २०२३ पर्यंत देशातले बेघर साडेतीन हजारांच्या आत आले. २०२४ मध्ये घरभाड्याच्या सरकारी मदतीला कात्री लागली आणि त्याच वर्षी आकडा पुन्हा चढला. आपल्याकडे लोकसंख्या वेगळी, पैसा वेगळा. पण २०११ च्या जनगणनेत भारतीय शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. स्वस्त भाड्याची घरे हा विषय आपल्याला परका म्हणता येणार नाही.

रहिवाशांना काय करता येईल? फुटपाथवर जेवण वाटणे चांगले, पण ते सणासुदीला एकाच चौकात होते आणि मग महिनाभर कोणी फिरकत नाही. त्यापेक्षा वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या विभागात निवारा कुठे आहे, किती माणसांचा, कुटुंबे घेतो का, हे विचारावे. नसेल तर पालिकेची बंद पडलेली शाळा, रिकामी मंडई, वापरात नसलेले गोदाम सुचवावे. शाळेत नाव घालायला निघालेल्या आईबरोबर मुख्याध्यापकांकडे जावे, आधारच्या केंद्रावर जावे. सोसायटीच्या ग्रुपवर ‘पालिकेला सांगून यांना हटवा’ असा निरोप आला, तर ‘हटवून कुठे?’ एवढे एकाने तरी विचारावे. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही फोर्टमधल्या फुटपाथवर झोपणाऱ्यांबाबत वकिलांच्या संघटनेला साधारण हेच विचारले होते, आणि तीही माणसेच आहेत हे बजावले होते.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास बिहार, बंगालपासून मराठवाड्यापर्यंतची माणसे फुटपाथवर राहतात. घरी त्यांचे छप्पर आहे, पण केमोथेरपी महिनोन्महिने चालते आणि मुंबईत खोली परवडत नाही. गाडगे महाराजांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा हे एक सूत्र आहे. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना राहायला जागा देते. ती रुग्णालयापासून जवळ आहे, म्हणूनच उपयोगी पडते. तशा जागा के.ई.एम., सायन, नायर या रुग्णालयांच्या परिसरातही लागणार आहेत. प्रस्ताव आला की वॉर्ड ऑफिसात रहिवाशांचे हरकतीचे पत्र आधी पोचते की पाठिंब्याचे, यावर त्या उभ्या राहतात की नाही हे ठरेल.